काकांवरचा विश्वास

कल्याण स्टेशनाच्या मालधक्क्यावर आम्ही दोघे कारकून होतो. तो कोलशेतकडचा ख्रिस्ती, पाद्र्यांच्या शाळेत शिकलेला, फाडफाड इंग्रजी बोलणारा. मला ती भाषा कामापुरती वाचता येई. साहेब बोलू लागला की सगळं डोक्यावरून जाई. आमच्यात रिवाजच पडला होता. गणपतीत माझी पाळी तो करी, नाताळात त्याची मी. साहेबाला हे ठाऊक नव्हतं, पण हेडक्लार्कांनी तोंडी परवानगी दिली होती.

हे हेडक्लार्क आमच्याच आळीतले. मला नोकरीला त्यांनीच चिकटवलं होतं. मी त्यांना काका म्हणे आणि देवाच्या जागी मानी. त्या मानण्याची मला आजही चीड येते.

त्या वर्षी गणपतीच्या दिवशी माझ्या पाळीवर माझा हा मित्र असताना गुदामाची कौलं गळली आणि साखरेची पोती भिजली. साहेब खवळला. पाळी नसताना हा माणूस गुदामात कशाला शिरला, असा त्याचा सवाल. मित्राची नोकरी आता माझ्या साक्षीवर टांगली होती.

काका म्हणाले, "घाबरतोस काय रे? तू मराठीत बोल, मी साहेबाला समजावतो. परवानगी मीच दिली होती, तेही सांगतो."

साहेबासमोर मी घडलं तसं सांगितलं. काका शांतपणे इंग्रजीत बोलू लागले. एकाएकी मित्र मध्येच साहेबाला इंग्रजीत ओरडून काही सांगू लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अरे, यो भलतंच सांगतंय!"

मी त्याची बाही ओढली. "गप रे! काका कशाला भलतं सांगतील?"

काका माझ्याकडे बघून हसले. "साहेब विचारतायत, असंच ना?"

मी जोरात मान हलवली.

मित्राला त्याच दिवशी घालवलं. त्याने पाळी चोरून घेतली आणि मला काही कळू दिलं नाही, असं म्हणे मीच सांगितलं होतं. हे मला दुसऱ्या एका कारकुनाकडून कळलं. मी तसाच काकांकडे गेलो. ते पान लावत बसले होते.

"एकाला जावंच लागणार होतं," ते म्हणाले. "तू आपला, म्हणून तुला राखलं."

पंधरवड्यात त्या जागेवर त्यांचा भाचा आला. मी काकांशी बोलणं टाकलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, याचा राग निराळा.

नाताळात मी कोलशेतला गेलो. मित्राने बसायला पाट दिला, पाणी दिलं. काकांनी मला कसं फसवलं ते मी पोटतिडकीने सांगत राहिलो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तू खरं बोललास, ते मी आयकलं व्हतं," तो म्हणाला. "मी खरं बोललो, ते तू नाय आयकलंस."