मल्हारीअण्णाच्या घोड्यांचा रवंथ

लागली पैज. ह्या किश्शाचा शेवट जो आधी सांगन त्याला च्या माझ्याकडून, वर भजे. आता तुम्ही म्हणान, म्हाताऱ्याला घोड्यानं लाथ मारली असन. न्हाई. घोड्यावरून पडला असन. बाबांनो, पडायला आधी वर बसावं लागतं, आन मी जन्मात घोड्यावर बसलो न्हाई. घोडं चोरलं असन? ते अक्कल लागणारं काम हाय. ऱ्हाऊ द्या, तुमच्यानं व्हायचं न्हाई. ऐका गुमान.

पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज गेलं, त्याच्यानंतरच्या दोन-चार वर्षातली गोष्ट. जहागीरदार लोक हैद्राबादला निघून गेले. जाताना हंड्या, गालिचे, हुक्के, समदं गाडीत भरून नेलं. घोडे तेवढे ठेवून गेले. गालिचा दाणा खात न्हाई ना. त्यात सडकेला मोटारी सुरू झाल्या, तर जालन्याचे टांगेवालेबी म्हातारं घोडं रानात सोडून द्यायला लागले. लई माया करायचे आधी. 'माझा राजा, माझा राजा.' राजा लंगडला की संपलं राज.

तीर्थपुरीला मल्हारीअण्णा म्हणून एक गृहस्थ व्हते. खंडोबाचे भक्त. देव बसतो घोड्यावर, म्हणून अण्णांनी असले मोडके-तोडके घोडे गोळा करून वाड्यामागं तबेला केल्ता. त्यांना ना गाडीला जुंपायचं, ना वर बसायचं. नुसता दाणा चारायचा आन मरेस्तोवर सांभाळायचं. लोक हसायचे. मीबी हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मीच.

मंग मी तिथं फुकट सेवा करायला काहून गेलो? घोड्याचा पुळका? मला कसला आलाय पुळका. अण्णाला एक पोरगी व्हती. म्हाळसा.

माझं गाव तिथून हाकेवर. मी आबाच्या, म्हणजे माझ्या बापाच्या मागं लागलो, म्हणलं मागणी घाला. आबा म्हणे, "घालतो. पोरगा काय करतो असं इचारलं तर काय सांगू? पारावर बसून लोकायच्या टोप्या उडवतो म्हणू?"

म्हणलं, आता कामच करून दाखवतो. गेलो सरळ अण्णाकडं.

"अण्णा, घोड्यांची सेवा करावं म्हणतो. पैसा नको."

अण्णांनी मला खालून वर पाह्यलं. "घोड्यातलं कळतं का काही?"

इथं 'न्हाई' म्हणायला काय खर्चा येत व्हता? पण भिताडाआडून बांगड्या वाजल्या आन माझं तोंड आपोआप सुटलं.

"कळतं? जन्म घोड्यात गेला अण्णा."

"कुणाच्या तबेल्यात व्हतास?"

"लई जागी," म्हणलं. "कुणाकुणाचं नाव घ्यावं."

खरं सांगायचं तर जन्म माझा बैलात गेल्ता. बैल पाहून मी सांगायचो की ह्यानं काल काय खाल्लं आन आज कुणावर रुसलाय. घोडा आमच्या गावात दिसायचा तो नवरदेवाच्या बुडाखाली, आन तेव्हा लोक जेवणाच्या पंगतीकडं पाहतात का घोड्याच्या तोंडाकडं? पण म्हणलं, चार पाय, एक शेपूट. शिंगं नसली म्हणून काय झालं, तेवढाच आपला फायदा.

काही दिवस बरे गेले. लीद काढायची, पाणी दाखवायचं, हरभरे भिजू घालायचे. मंग मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरली आन अण्णा निघाले. जाताना म्हणले, "किसना, तबेला तुझ्यावर. काही अडलं तर म्हाळसाला इचार. आल्यावर घोडे नीट दिसले, तर तुझ्या आबाला बोलणी करायला बोलावतो."

पाहा, समजलं व्हतं म्हाताऱ्याला समदं. मला वाटत व्हतं मी लई छुपा रुस्तुम.

अण्णा गेले आन मी पहिल्यांदा घोड्याम्होरं निवांत बसलो. सकाळी दाणा झाला, कडबा झाला. म्हणलं आता जनावरं बसतील, रवंथ करतील, आपुनबी जरा लवंडू. पाहतो तर एक बसंना. उभेच. दुपार झाली तरी उभे. आन तोंड कुणाचंच हालंना.

तुमच्यात शेतकरी कोण हाय? मंग सांगा, बैलानं रवंथ सोडला म्हणजे काय? बैल गेला. अहो, घरात माणूस दोन दिस जेवला न्हाई तर शेतकरी म्हणतो, खाईन भूक लागल्यावर. बैलानं रवंथ सोडला की शेतकऱ्याच्या स्वतःच्या घशाखाली घास उतरत न्हाई. आन इथं एक न्हाई, दोन न्हाई, तबेलाच्या तबेला गप. मला घाम फुटला. अण्णा यायच्या आत एक जरी घोडं दगावलं, तर पोरगी गेली हातातून.

म्हाळसाला इचार म्हणले व्हते अण्णा. पण इचारणार कसा? जन्म घोड्यात गेल्ता ना माझा.

मंग बैलाचं औषध काढलं. ओवा, सुंठ, काळं मीठ, गूळ, आन वरून करडीचं तेल. बांबूची नळी घेतली आन एकेकाच्या तोंडात वतायला निघालो. जहागीरदाराची एक पांढरी घोडी व्हती, बेगम नावाची. तिनं ते तेल गालात धरून ठेवलं, मी वाकलो तवा माझ्या डोस्क्यावर सोडलं. बाकीच्यांनी गिळलं. दुसऱ्या दिवशी त्याचं काय झालं ते सांगत न्हाई, तुम्हाला अजून भजे खायचेत. एवढंच सांगतो, आधी लीद पाटीनं उचलायचो, आता पाण्यानं धुऊन काढायला लागलो.

रवंथ मातर बंदच.

माझा एक दोस्त व्हता नामा. त्याला गुपचूप बोलावलं. म्हणलं, कुणाला सांगू नको, पण घोड्यायनं रवंथ सोडलाय.

नामा बराच येळ बेगमच्या तोंडाकडं पाहत बसला. "बिलकुल बंद हाय रे," म्हणे. "आन हे बसत काहून न्हाईत?"

"तेच तर."

"पोट दुखून राह्यलं असन. साथ हाय किसन्या ही. बैलाला लागन."

"कुणाला सांगू नको."

"मी कशाला सांगू," म्हणला नामा, आन तिथून निघाला ते सरळ बाजाराच्या मैदानात. बाजारचाच दिवस व्हता. दुपारपर्यंत मैदानात एक बैल राह्यला न्हाई. लोक कासरा धरून पळून राह्यले, आन तबेल्याच्या भिताडावर मुंडाशांची रांग लागली. जो येई तो पाही आन म्हणे, "खरंच की, तोंड हालत न्हाई." एवढी माणसं, जन्म ढोरांत गेलेली, पण एकाच्यानं असं म्हणवलं न्हाई की बाबा, हे मला माहीत न्हाई. मला बरं वाटलं. मी एकटा न्हाई, सगळा इलाखा माझ्यावानी.

दुसऱ्या दिवशी म्हाळसा भाकरी घेऊन आली. माझं तोंड पाहून म्हणली, "काय झालं घोडेवाल्यांना?"

"काही न्हाई. जरा रवंथाची भानगड हाय."

तिनं भाकरी खाली ठेवली. सगळ्या घोड्यांकडं एकदा पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं. चेहरा कसा, देवळात उभी असल्यावानी.

"अगबाई. तरीच," म्हणली. "अण्णा असले की ते रोज करून दाखवतात ना."

"काय करून दाखवतात?"

"रवंथ. घोडं लई मानी असतं, कुणी म्होरं करून दाखवल्याबिगर करत न्हाई. एवढे तबेले पाह्यले तुम्ही, तिथं करत नव्हते का?"

"करत व्हते ना," म्हणलो मी. "याद नव्हती राह्यली."

"कडब्याचं धाट धरायचं दातात. मान खाली, डोळे अर्धे मिटायचे, आन हळूहळू जबडा फिरवायचा. जल्दी न्हाई करायची." एवढं बोलून ती घरात गेली. आतून मोठ्यानं खोकल्याचा आवाज आला. मला वाटलं सर्दी झाली पोरीला. फिकर वाटली.

आता काय सांगू तुम्हाला. आयुष्यभर मी लोकायच्या धोतराला शेपट्या बांधल्या, जिवंत माणसाच्या मयताचा सांगावा धाडला, सासुरवाडीला निघालेल्या जावयाच्या पिशवीत गोवऱ्या घातल्या. आन मी, मी बेगमच्या म्होरं चवड्यावर बसलो, दातात धाट धरलं आन रवंथ करायला लागलो.

आन करावं तर नीट करावं. बैल मला पाठ. असा जबडा फिरवला, असा फिरवला, की भिताडावरचे म्हातारे 'वा' म्हणले. नामाला राहवलं न्हाई, तोबी शेजारी बसला आन चघळायला लागला. बेगमनं मान लांब केली, माझ्या तोंडातलं धाट वढून घेतलं, चावलं आन गिळलं. मी म्हणलं, आता वर आणन, मंग वर आणन. सगळं गाव श्वास धरून. गेलं ते गेलंच.

म्या दुसरं धाट घेतलं. डोळे अर्धे मिटले. तेवढ्यात मागं सगळं चिडीचूप झालं.

"काय करून राह्यला रे तू?"

अण्णा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात माळेगावातून आणलेलं एक आंधळं घोडं.

मी धाट तोंडातून न काढता म्हणलो, "रवंथ, अण्णा."

"ते दिसलं. काहून?"

"घोडे करत न्हाईत म्हणून."

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. घोड्याच्या मानंवर हात ठेवला. लई सावकाश बोलले. "किसना, घोडं रवंथ करत नसतं. कधीच करत नसतं. देवानं त्याला ते काम दिलंच न्हाई. आन ते उभ्या उभ्या झोपतं."

भिताडावरची मुंडाशी एकेक करून खाली गेली. ज्याला त्याला एकदम घरचं काम आठवलं. नामा तर कधी गेला ते दिसलं न्हाई, त्याचं धाट तेवढं मागं पडलेलं व्हतं.

अण्णा म्हाळसाकडं वळले. "तुला माहीत व्हतं ना? सांगितलं काहून न्हाई?"

"तुम्ही म्हणले व्हते, इचारलं तर सांग," म्हणली ती. "ह्यांनी इचारलं न्हाई."

मी म्हणलं झालं, आता धरणी पोटात घेईन तर बरं. धरणी कशाला घेती, तिलाबी अब्रू हाय. तेवढ्यात फाटकातून माझे आबा आत आले. लई खुशीत. आल्या आल्या माझ्या पाठीवर थाप मारली.

"वाचवलं रे पोरा. नामानं साथीचं सांगितलं आन म्या जल्दी केली. जोडीतला पवळ्या बैल इकून टाकला. शहागडचा व्यापारी व्हता, निम्म्या भावात घेतला गाढवानं, त्याला साथीचं काही माहीतच न्हाई. दुसऱ्या बैलाचं गिऱ्हाईक बाहेर उभं हाय."

आबानं माझ्याकडं पाह्यलं, अण्णाकडं पाह्यलं. मंग अण्णांनी आबाला बाजूला नेलं आन दोन वाक्यात समदं सांगितलं. आबा खाली बसले. उठून बाहेर पळाले. परत आले. व्यापारी शहागडच्या वाटंनं कवाच गेल्ता.

अण्णा म्हणले, "पाव्हणे, आता बोलणी काय करायची? ह्याला घोड्यातलं काही येत न्हाई. खोटं बोलतो. वर माझ्या जनावरायचं पोट साफ केलं. माझी पोरगी कशी देऊ?"

आबा म्हणे, "देऊ नका. मीबी दिली नसती."

बापाचा भरोसा पाह्यला ना? मी चप्पल पायात घातली. तेवढ्यात म्हाळसा मधी बोलली. त्या काळी पोरी बापापुढं असं बोलत नव्हत्या, पण ती बोलली.

"अण्णा, लंगडं आणलं, खोकणारं आणलं, आज आंधळं आणलं. मंग एवढ्या एकाला काहून हाकलता? ह्याला तरी दुसरं कोण ठेवून घेईन?"

अण्णा हसले. आबा हसले. नव्यानं आलेलं आंधळं घोडंबी फुरफुरलं. अशी जमली माझी सोयरीक. लोकायला रूप पाहून पोरगी देतात, घराणं पाहून देतात. मला कीव करून दिली.

बैलाचे आलेले पैसे लग्नात गेले, म्हणून दुसरा बैल काही घेता आला न्हाई. पेरणी शेजाऱ्याच्या बैलावर निभावली. पण तण काढायची कोळपणी आली तवा ज्याचे त्याचे बैल ज्याच्या त्याच्या रानात. आबांनी राह्यलेला बैल जुवाच्या एका बाजूला जुंपला आन दुसरी बाजू माझ्या खांद्यावर दिली. नवी नवरी बांधावर न्याहारी घेऊन उभी. सडकेनं जाणारे थांबून इचारायचे, "आबा, जोडीतला पवळ्या कुठं गेला?"

आबा कासरा हालवून म्हणायचे, "त्याला अक्कल व्हती, म्हणून इकला गेला. ह्याला गिऱ्हाईकच आलं न्हाई."