आमच्या साडूंची लेन्स

आमच्या साडूंइतका पारखी आणि तरीही हटकून चुकीचीच वस्तू घरी घेऊन येणारा माणूस सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे चाळून काढले तरी दुसरा सापडणार नाही, हे मी नात्याची भीड न ठेवता सांगतो. तासगावात त्यांची बेदाण्याची अडत आहे. शेतकऱ्यानं बॉक्स उघडला की मूठभर बेदाणा तळहातावर घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटून दर सांगायचा, हे काम ते तरुणपणापासून करत आले आहेत, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही हेही खरं. पंचाईत एवढीच, की जगातली प्रत्येक वस्तू हा बेदाणाच आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. घरी फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा दुकानातल्या एकेका फ्रीजचं दार उघडून त्यांनी आत डोकं घातलं आणि वास घेतला. त्यातला सर्वांत सुवासिक फ्रीज घरी आला. तो आजही सुवासिक आहे, गार मात्र करत नाही. माझ्या लग्नाआधी मला पाहायला ते सासऱ्यांबरोबर साताऱ्याला आले होते. मी चहाचा कप पुढे केला, तर कप राहिला बाजूला, त्यांनी माझं मनगटच दाबून पाहिलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "माल बारीक हाय, पण टिकंल." सासऱ्यांनी तेवढ्यावर होकार दिला.

फोटोंचा नाद त्यांना लागला तो शेजाऱ्यामुळे. शेजारचे द्राक्षबागायतदार केरळला जाऊन आले आणि त्यांनी लांबून काढलेला हत्तीचा फोटो गल्लीभर दाखवला. त्यात हत्तीच्या पापण्या दिसत होत्या. साडूंनी त्याच्याशेजारी आपल्या मोबाइलमधला कास पठारावरचा घरच्या मंडळींचा फोटो ठेवून पाहिला. त्यात आम्ही सगळे गवतात सांडलेल्या मोहरीसारखे दिसत होतो. "हत्तीच्या पापण्या दिसत्यात आन् आमची मेव्हणी वळखू येत न्हाई, ही काय रीत झाली?" असं म्हणून त्यांनी त्याच शेजाऱ्याकडून त्याचा जुना कॅमेरा घेतला. शेजाऱ्यानं कॅमेरा दिला, लेन्स दिली नाही. तोही तासगावचाच.

नेमका त्याच वेळी त्यांचा मुलगा विक्रम सुट्टीवर आला. विक्रम फौजेत आहे, आणि सुट्टी संपली की त्याला थेट सीमेवरच्या नव्या ठाण्यावर हजर व्हायचं होतं. माझ्या बायकोची मोठी बहीण, म्हणजे साडूंची बायको, तिला आम्ही अक्का म्हणतो. अक्कानं आयुष्यात फारसे हट्ट केले नाहीत, केले असते तरी ते साडूंच्या बडबडीत ऐकू आले नसते. या वेळी मात्र तिनं एक धरून ठेवला. मुलगा घरी आहे तोवर सगळ्यांनी मिळून वाईला जायचं आणि घरच्या माणसांचा एक धड फोटो काढायचा. बैठकीच्या भिंतीवर विक्रमचा शेवटचा फोटो दहावीचा होता, मिशी न फुटलेला. तो परत जाण्याआधी त्या जागी दुसरा लागला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

यावर साडू म्हणाले, "लेन्स घिऊ, मग जाऊ." आणि मुलाची सुट्टी लेन्सच्या पारखीत वितळू लागली. रोज उठून तासगावहून सांगली. गाडी विक्रम चालवायचा, साताऱ्याहून मुद्दाम बोलावून घेतलेला मी त्याच्याशेजारी, आणि साडू मागं. बापलेक एकमेकांशी थेट बोलत नसत. त्या घरात तशी पद्धतच नाही. "ह्याला म्हणावं जरा हळू चालीव," असं साडू माझ्या मानेला सांगायचे, आणि "आबांना सांगा, हळूच चाललीया," असं विक्रम काचेला सांगायचा. मी दोघांमध्ये टपालखात्यासारखा बसून असायचो. घरी परतलो की अक्का दारातच फैलावर घ्यायची. "पोरगं छुट्टी काढून आलंय ते तुमची गाडी चालवायला व्हय?"

शेवटी एका दुकानदारानं चार लेन्सा काउंटरवर मांडल्या. साडूंनी एकेक तळहातावर तोलली, अंगठा फिरवला. पुढच्या काचेवर तो अंगठा फिरताना दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मग वास. एका लेन्सचं कडं फिरवल्यावर ती लांब झाली, तशी साडूंनी ती सापासारखी खाली ठेवली. दुकानदारानं समजावलं, ही झूम लेन्स, जवळचं आणि लांबचं दोन्ही घेते, घरच्या सहलीला हीच बरी. झालं. साडू विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळले.

"ऐकलं का पाव्हणं? जवळचं बी हिच्यातच, लांबचं बी हिच्यातच. म्हंजी मिसळीचा माल! बारीक आन् जाड एका बॉक्सात घालून आणलं, तर मी शेतकऱ्याला दारात उभा करत न्हाई. एका प्रतीचा काय हाय ते दावा."

एका प्रतीची म्हणजे झूम नसलेली, फक्त लांबचंच घेणारी, दुधी भोपळ्याएवढी जाड लेन्स होती. दुकानदार बिचारा सरळ माणूस. हात जोडून म्हणाला, "साहेब, ही पाखरांची लेन्स आहे. हिच्यात घरची माणसं मावायची नाहीत."

"न मावाय काय झालं? आमी मागं सरू," साडू म्हणाले आणि भोपळा घेऊन बाहेर पडले.

त्या रात्री घरात चाचणी झाली. बैठकीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मागं सरूनही लेन्सला काही दिसेना. साडू अंगणात गेले, मग रस्त्यावर, मग शेजाऱ्याच्या गच्चीवर. तिथून त्यांनी आमचा सर्वांचा मिळून जो फोटो काढला त्यात माझा एक कान आला. कान अप्रतिम आला होता, त्यावरचा प्रत्येक केस वेगळा मोजता येत होता. साडूंनी तो पाहुण्यारावळ्यांत सगळीकडे पाठवला. अजूनही लग्नकार्यात लोक आधी माझा कान पाहतात आणि मग मला नमस्कार करतात.

अखेर वाई गाठली ती सुट्टीच्या शेवटच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रम जाणार होता. कृष्णेच्या घाटावर अक्का, विक्रम आणि माझी बायको पायऱ्यांवर बसली. साडू मागं सरत सरत देवळाच्या भिंतीला टेकले, तरी तिघं मावेनात. मग ते मला कॅमेऱ्याचं तिकाटणं उचलायला लावून पुलावरून थेट नदीच्या पलीकडच्या काठावर गेले. घरच्या माणसांचा फोटो काढायला मध्ये नदी घालणाऱ्या माणसाला काय म्हणावं, याचा विचार करत मी उन्हात उभा होतो. हाक पोचेना म्हणून साडूंनी अक्काला फोन लावला. "हां, आता सगळ्यांनी हिकडं बघा!"

माझ्या बायकोनं पाहिलं. अक्का विक्रमकडे बघत होती. साडूंनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. दर वेळी अक्काचं तोंड विक्रमकडेच. साडू फोनवर कडाडले, "आगं, हिकडं बघ की! पोराला काय आजच बघतीयास व्हय?"

पलीकडून अक्काचा आवाज आला, "व्हय, आजच बघतीया. उद्या कुठं दिसतंय त्ये? तुमी तुमचा फोटू काढा."

साडूंनी फोन खिशात टाकला आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. बटणाचा आवाज मात्र येईना. बराच वेळ झाला तसा मी वैतागून म्हणालो, "अहो, दाबा की आता!"

"थांबा पाव्हणं," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "त्याच्या कानाम्होरं केस पिकल्यात. लय न्हाईत, पर पिकल्यात. हनुवटीखाली वण हाय कसला तरी. कवा लागलं आसंल? मला कुणी सांगितलंच न्हाई."

मी म्हणालो, "मग चला ना तिकडं. जवळ बसून बघा, विचारा त्याला."

त्यांनी डोळा काढला नाही. "जवळ गेलो की त्यो उठून उभा ऱ्हातो. मान खाली घालतो, मी बी दुसरीकडं बघतो. ल्हानपणापास्नं आसंच चाललंय आमचं. बसू दे त्याला निवांत."

ज्या माणसाची मी वर्षानुवर्षं टिंगल केली त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही, आमच्यातही तशी पद्धत नाही. पलीकडे विक्रम आईला काहीतरी सांगत हसत होता. थोड्या वेळानं अक्कानं डबे सोडले आणि जेवायला या म्हणून फोन केला. साडू "आलो, आलो" म्हणाले आणि डोळा तसाच कॅमेऱ्याला लावून उभे राहिले.