संपातली नमाज

संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, महिन्याभरात मिटेल. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटलं. पहिले पंधरा दिवस ते झोपून राहिले. वीस वर्षं गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवलेला माणूस, पाळ्या करकरून झोपेचं खोबरं झालेलं, म्हणून मीही काही बोलले नाही. सोळाव्या दिवशी ते उठले, आणि त्यांनी पहिल्यांदाच घराकडे नीट बघितलं.

तिथून माझे हाल सुरू झाले.

आमची चिंचपोकळीची खोली दहा बाय बाराची. त्यात ते दिवसभर. तांदूळ तीनदाच का धुतलेस? बांगडा असा का कापतेस? डब्यांची झाकणं अशी कशी लावलीस? गिरणीत जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्यांच्या डोक्यावर बसायचा, आता ते माझ्या डोक्यावर बसले. बघण्यासारखं घरात काही उरलं नाही, तेव्हा ते माझ्या नमाजेवर आले.

"काय गो, असरची नमाज झाली पण?"

"झाली."

"मी पान लावायला घेतलंय, ते अजून तोंडात नाही गेलं."

"मग पान हळू लावता तुम्ही."

खरं सांगायचं तर ते चुकीचं बोलत नव्हते. लहानपणी मी कोकणात गावच्या मदरशात शिकले, तेव्हापासून माझे ओठ आपोआप हलायचे, कंबर आपोआप वाकायची, आणि तेवढ्या वेळात मी उद्याची भाजी ठरवून मोकळी व्हायचे. पण हे ऐकून कोणाकडून घ्यायचं? ज्यांची दुपारची जोहर गिरणीत कांडी संपायच्या आत व्हायची, त्यांच्याकडून? कांडी म्हणजे साच्यात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी. ती संपली की साचा थांबतो. "बघ रे जरा" असं शेजारच्या कामगाराला सांगून हे साच्यामागे कापड अंथरायचे आणि कांडी संपायच्या आत चारही रकात उरकून परत साच्यावर. एक रकात म्हणजे उभं राहण्यापासून जमिनीला कपाळ टेकून सजदा करण्यापर्यंतचा एक फेरा. असे चार फेरे एका कांडीत! आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

एका दुपारी मी जोहरला उभी होते आणि स्टोव्हवर दूध होतं. नमाजेत बोलता येत नाही. बाईला कोणाला सावध करायचंच असेल तर एका पंजाने दुसऱ्या हाताच्या पाठीवर टाळी वाजवायची, असं आम्हाला शिकवलेलं. दूध काठाला आलं. मी टाळी वाजवली. हे पेपर वाचत होते. पुन्हा वाजवली.

"डास फार झालेत हल्ली," ते म्हणाले.

तिसरी टाळी मी अशी वाजवली की हात झिणझिणला. तेव्हा ते उठले, फळीवरून डासांची उदबत्ती काढली आणि माचिस शोधायला लागले. दूध गेलं.

शेवटचा सलाम फिरवून नमाज संपवल्यावर मी तोंड उघडणार, त्याआधीच त्यांनी उघडलं. "मन दुधात होतं तुझं. ही कसली नमाज?"

"आणि तुमचं कुठे असतं? सांगा, आज जोहरला अल्हम्दूनंतर कुठली सूरा पढलात?"

अल्हम्दू ही कुराणातली पहिली सूरा, ती ठरलेली; तिच्यापुढची सूरा ज्याची त्याने निवडायची. त्यांनी वर पंख्याकडे बघितलं.

"छोटी होती," ते म्हणाले.

करपल्या वासाने शेजारच्या आक्का दारात येऊन उभ्या होत्या. बौद्ध कुटुंब त्यांचं. दर रविवारी न चुकता विहारात जायच्या. सगळं भांडण ऐकून त्या इतक्या हसल्या की उंबऱ्यावर बसल्या.

"अहो वहिनी, आमचे भंतेजी सांगतात, डोळे मिटा, श्वास आत गेला बघा, बाहेर आला बघा. मी बघते. दोन श्वास बरोबर बघते. तिसऱ्याला मी हिंदमाताला पोचलेली असते, साडीच्या दुकानात."

"मग काय म्हणतात भंतेजी?" ह्यांनी विचारलं.

"म्हणतात, गेलं तर गेलं. कुठे गेलं ते बघा आणि परत आणा."

'बघा' हा शब्द ह्यांना आवडला. बघण्याचंच काम ते सध्या करत होते. त्यांनी तिथल्या तिथे कायदा केला: प्रत्येक नमाजेनंतर दोघांनी खरं सांगायचं, मन कुठे होतं. खोटं बोलायचं नाही, नमाजेबद्दल खोटं बोललेलं फार वाईट.

मी खरं सांगत गेले. पहाटे फजरला सुकट. जोहरला बहिणीचं लग्न. संध्याकाळी मगरीबला, तुम्ही काल रात्री घोरत होतात ते. आणि ह्यांचं?

"कुठे नाही. नमाजेतच."

आठ दिवस या माणसाचं मन नमाजेतून तसूभर हललं नाही. दर्गा बांधायचाच काय तो बाकी होता.

नवव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आजपासून जोहर सावकाश, एकेक शब्द सुटा. उभे राहिले. मी दाराशी बसून लसूण सोलत होते, आक्का वाटी परत द्यायला आल्या होत्या. आमच्यात असं आहे की किती रकात झाल्या याची शंका आली तर कमी धरायच्या आणि एक वाढवायची. ह्यांना शंका येत गेली.

"वहिनी," आक्का कुजबुजल्या, "भावजी सातव्यांदा उभे राहिले. आज काही विशेष आहे का?"

घामाघूम होऊन त्यांनी सलाम फिरवला.

"किती झाल्या?" मी विचारलं.

"चार."

"आक्का सात म्हणतात."

ते आक्कांकडे बघत राहिले. "मग सात असतील."

आक्का गेल्यावरही ते मुसल्ल्यावरून, नमाजेच्या सतरंजीवरून, उठले नाहीत. मुसल्ल्याच्या दोऱ्या ओढत बसले.

"हळू पढलो की हरवतो गो," ते म्हणाले. "साच्यांच्या आवाजावर पढायची सवय. खटखट खटखट, त्या ठेक्यावर सगळं बरोबर यायचं. आता आवाज नाही, तर कान तिकडेच लागून राहतो. सारखं वाटतं, कांडी संपेल, आटप. आता कुठली संपतेय कांडी?"

"म्हणजे आठ दिवस मन गिरणीत होतं?"

"रोज."

"मग खोटं का बोललात?"

"तू सुकट सांगायचीस. मी गिरणी सांगितली असती तर तू रडली असतीस."

मी रडले.

"बघ," ते म्हणाले. खूश झाले थोडे.

त्यानंतर मी माहीमच्या बाजारातून मराठी अर्थ छापलेली एक पातळ पुस्तिका आणली, कारण आम्ही दोघं जे पढत होतो त्याचा अर्थ दोघांनाही धड माहीत नव्हता. संध्याकाळी ते चष्मा लावून बसले. अल्हम्दूत आपण सरळ रस्ता दाखवायला सांगतो, हे वाचून त्यांनी पुस्तिका खाली ठेवली.

"हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो?"

"सतरा तरी. पाच वेळच्या सक्तीच्या रकात तेवढ्या. वरच्या वेगळ्या."

"इतकी वर्षं अर्ज देतोय मी, आणि अर्जात काय लिहिलंय ते आज कळतंय."

अर्थ कळल्यावर सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी तक्रार आली.

"सरळ रस्ता म्हटलं की मला पुलापासून गिरणीच्या गेटपर्यंतचा रस्ता दिसतो. काय करू?"

"दिसू दे. गेटाच्या आत जाऊ नका म्हणजे झालं."

संप मिटला असं कोणी कधी सांगितलंच नाही. गिरणीने ह्यांना परत घेतलं नाही. वर्ष-दीड वर्ष इकडेतिकडे करून ते एका कापडाच्या दुकानात लागले, उघडलेल्या साड्यांच्या पुन्हा घड्या घालायच्या कामाला. नमाज मागच्या गोदामात. घरी आले की मी विचारायचे, "आज?" ते म्हणायचे, "घड्या." किंवा, "एक बाई सत्तावीस साड्या बघून गेली, तिच्यावर." गिरणी हळूहळू कमी यायला लागली. मी त्याबद्दल विचारलं नाही.

एका संध्याकाळी मात्र ते जिना चढतानाच हसत होते. चपला काढायच्या आधी म्हणाले, "आज मगरीबची एक रकात अख्खी झाली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मन हललंच नाही."

"कितवी?"

ते विचारात पडले. पहिली म्हणाले, मग नाही, दुसरी म्हणाले, मग हात झटकून पाय धुवायला मोरीत गेले.

मी पुढे ताणलं नाही. अख्खी एक रकात काही थोडी नसते. माझी इतक्या वर्षांत अर्ध्यापर्यंत पोचलीय.