उशाची फळी

सनाचा फोन आला तेव्हा मी सागवानाच्या फळीवर रंधा मारत होतो. सना म्हणजे कासमची नात. एरवी माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलते आणि मी मराठीत उत्तर देतो, आमचं छान चालतं. त्या दिवशी मात्र ती मराठीत बोलली. "शांताराम आजोबा, दादाजी गेले. सकाळी. झोपेतच." मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि उरलेली फळी शेवटपर्यंत रंधून काढली, कारण अर्धी सोडली तर तिच्यावर खूण राहते. मग खाली भुशातच बसलो.

मी चौथीपर्यंत शिकलोय. हा लेख मी स्वतः लिहिलाय, कुणाकडून लिहून घेतलेला नाही. चुका असतील तर माझ्या.

कासम रत्नागिरीकडचा, मी रायगडचा. बहारीनला आलो तेव्हा दोघांनाही मिशा फुटून फार दिवस झाले नव्हते. तो सित्र्याला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, मी त्याच कंपनीत सुतार. खोली एक, खाटा सहा. खाटा जशा भिंतीला लावलेल्या तशी डोकी. कोण कुठल्या दिशेला झोपतो हे तिथे कुणी कुणाला विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पुढे त्याने बायको-मुलाला आणलं आणि तो ईसा टाउनला गेला, मी माझं वर्कशॉप टाकलं. पण शुक्रवारी त्याचा नमाज झाला की चहा माझ्याकडेच. तो मला शांत्या म्हणायचा. मला शांत्या म्हणणारा तो शेवटचा माणूस.

तो रिटायर झाला आणि पाचेक वर्षांनी त्याची जुनी मिनीबस कंपनीने भंगारात काढली. त्याने ती मागून घेतली. बस थेट माझ्या दारात आणून उभी केली आणि म्हणाला, "शांत्या, हिला घर कर." इथे हिवाळ्यात लोक तंबू, कॅरॅव्हॅन घेऊन मुक्कामाला जातात. झल्लाककडच्या किनाऱ्यावर गाड्या लावायला नंबर घातलेल्या जागा आहेत, पाण्याची सोय आहे, फक्त आधी फोनवरून बुकिंग करावं लागतं. आयुष्यभर त्याने लोकांना त्या रस्त्यावरून नेलं आणि आणलं, स्वतः कधी उतरला नव्हता. "तीन दिवस," म्हणाला. "तू, मी आणि सुरमई. नातवंडं नकोत, वायफाय मागतात."

त्या गाडीचा जेवढा विचार आम्ही केला तेवढा मी माझ्या लग्नाचाही केला नव्हता. सीट काढल्या. शेगडीची जागा, पाण्याचा कॅन, भांडी घरंगळू नयेत म्हणून फळीला पट्टी... कासम रोज येऊन स्टुलावर बसायचा आणि चुका काढायचा. "हा खण कशाला?" "तुझ्या गोळ्यांना." "एवढा मोठा?" "तुझ्या गोळ्या बघितल्यास का?" त्याच्या छातीत दोन स्टेंट होते. त्याबद्दल आम्ही एवढंच बोलायचो.

गाडी कशी लावायची हे त्याने ठरवून टाकलं होतं. तोंड दक्षिणेला, म्हणजे दरवाजा पश्चिमेला, समुद्राकडे. दोन्ही बाजूंना लांबीत एकेक खाट. आता उसं कुठे? मी म्हटलं इंजिनाकडे. तो म्हणाला, मागे, डिकीकडे. "उजव्या कुशीवर झोपलो की तोंड पश्चिमेला. समोर समुद्र आणि त्याच्या पलीकडे मक्का. आणखी काय पाहिजे?"

डिकीकडे म्हणजे उत्तरेला. आमच्यात उत्तरेला डोकं माणसाचं कधी करतात ते सांगायला नको. दोन स्टेंटवाल्या माणसाचं डोकं मी माझ्या हाताने उत्तरेला करू? पण हे तोंडातून निघेना. म्हणून मी म्हटलं, मागे वजन गेलं तर गाडीचा तोल जाईल.

"चाळीस वर्षं बस मी चालवली की तू?" कासम म्हणाला.

"खाट मी बनवतोय."

"झोपणार मी आहे. कंपनीच्या खोलीत कंपनी सांगेल तसा झोपलो. आता नाही."

दुसऱ्या दिवशी तो यायच्या आत मी त्याच्या खाटेला इंजिनाच्या बाजूने उशाची तिरकी फळी बसवली. स्क्रू मारले, वर सरसही लावला, म्हणजे कुणी काढायचं म्हटलं तरी निघू नये. कासम आला. फळीवरून हात फिरवला. काम चांगलं होतं, ते त्याला कळत होतं. "खलास," म्हणाला. "दोन्ही खाटांवर तूच झोप." आणि गेला.

शुक्रवार आला, कासम आला नाही. दुसराही शुक्रवार तसाच. सनाचा फोन आला, "आजोबा, बुकिंग आहे ना, यू बोथ आर गोइंग ना?" मी म्हटलं, आधी त्याने यावं. तिकडे तो म्हणत होता, आधी त्याने फळी काढावी. बुकिंगचे तीन दिवस आले आणि गेले. गाडी दारात धुऊन-पुसून उभी, शेगडीला नवी नळी लावलेली... मी रोज तिच्या बाजूने जायचो आणि दुसरीकडे बघायचो. त्यानंतर आठवड्याने तो फोन.

दफनाला मी गेलो. बाजूला उभा होतो. त्याला खाली उतरवलं, उजव्या कुशीवर केलं, तोंड पश्चिमेला. डोकं उत्तरेला. दिशा मला कुणी सांगावी लागत नाही. मनात आलं, बघ, मी म्हणत होतो ते खरं होतं. आणि त्या विचाराची लगेच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी भाभींना भेटायला ईसा टाउनला गेलो. आतल्या खोलीत कासमची खाट होती. चादर घातलेली, उशी जागेवर. मी उशीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, परत उशीकडे बघितलं.

"भाभी, ही खाट आधीपासून अशीच?"

"नाही भाऊजी. रिटायर झाले त्याच दिवशी फिरवून घेतली त्यांनी. म्हणाले, आता माझ्या मनासारखा झोपणार. सहा वर्षं झाली."

सहा वर्षं. म्हणजे सहा वर्षं तो रोज रात्री उत्तरेला डोकं करून झोपत होता आणि रोज सकाळी उठत होता. उठून माझ्याकडे येत होता, स्टुलावर बसून चुका काढत होता. मी त्याला ज्यातून वाचवत होतो त्यातून तो दररोज आपला आपण उठत होता. भाभींनी चहा दिला. तो मी प्यालो की नाही आठवत नाही.

घरी आल्यावर गाडीत चढलो. स्क्रू निघाले. सरस निघेना, माझाच होता. पटाशी लावून फळी सोडवली तेव्हा खाटेच्या प्लायवूडचा वरचा थर तिच्याबरोबर सोलून आला. फळी साफ केली आणि डिकीच्या बाजूला बसवली. या वेळी नुसते दोन स्क्रू. माझ्या खाटेची फळी इंजिनाकडे आहे तिथेच राहू दिली.

सना येऊन बघून गेली. पुढच्या हिवाळ्याचं बुकिंग ती करणार आहे आणि गाडी तीच चालवणार आहे. गाडीचं तोंड दक्षिणेला करायचं, एवढं तिला सांगून ठेवलंय. तिने सोललेल्या जागेवर बोट ठेवून विचारलं, हे नीट नाही का करता येणार? करता येतं. खड्ड्यात थोडी लांबी भरली, पॉलिश मारलं की कुणाला दिसणारसुद्धा नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या लाकडावरच्या खुणा अशाच झाकत आलोय.

ही राहू दिली आहे.