ह्या लोकांना पत्ता नसतो

अपमान माझ्या आईचा झाला. मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, ठाण्यातल्या एका काचेच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर. आई तिथे नव्हती. ती दिव्यात, हंडा लावून नळाला पाणी यायची वाट बघत बसलेली. तिथे तिचा पत्ता होता. भिंतीएवढ्या पडद्यावर.

‘विहाराच्या मागे, गिरणीला वळसा घालून, नळासमोरची तिसरी खोली, दिवा पूर्व.’

नाव झाकलेलं. प्रायव्हसी म्हणे. पत्ता मात्र उघडा.

आमच्या साहेबांनी लेझरचा लाल ठिपका त्या ओळीवरून फिरवला आणि कंपनीचं काम बघायला आलेल्या पाहुण्यांकडे बघून म्हणाले, “हा पत्ता आहे की आत्मकथा?”

हसले सगळे. बिस्किटं खाता खाता हसले. मग साहेब गंभीर झाले. “प्रॉब्लेम काय आहे, ह्या लोकांना पत्ता नसतो. फक्त खुणा असतात.”

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. पत्ते वाचणारी मशीन अडलीच तर सांगायला कुणीतरी हवं, म्हणून मला गोदामातून आणलेलं.

माझं काम सांगते. कल्याणच्या पुढे, भिवंडीच्या बाजूला, आमच्या घरपोच पार्सलच्या कंपनीचं गोदाम आहे. खाली पार्सलं, वर पोटमाळ्यावर आम्ही आठ मुली. मशीनला टॉवर कळतो, विंग कळते, फ्लॅट नंबर कळतो. ‘मागे’ कळत नाही. ‘वळसा’ कळत नाही. म्हणून पत्ते वाचून आम्ही रंग द्यायचे आणि मशीनने ते बघून शिकायचं. हिरवा, पिवळा, लाल. पहिल्या दिवशी साहेबांनी समजावलेलं, लाल म्हणजे वाईट नाही गं, लाल म्हणजे अवघड, तिथे माणसाला जास्त वेळ द्यायचा.

मला पटलं. बरं वाटलं उलट. आमच्या गल्लीत पार्सल आणणारा माणूस घामाघूम होऊन भांडतो, त्याला जरा वेळ मिळेल. म्हणून मी मन लावून लाल दाबला. चाळ दिसली, लाल. कोळीवाडा, लाल. पाडा, लाल. विहाराच्या मागे, लाल. महिन्याची हुशार कामगार म्हणून माझा फोटोही लागला जिन्यात.

त्याच्या आदल्या महिन्यात मी आईसाठी गुडघ्याचा पट्टा मागवलेला. दोन जिने चढली की ती कठडा धरून उभी राहते. पार्सल घरी आलंच नाही. मेसेज आला, पत्ता असुरक्षित, स्टेशनजवळच्या दुकानातून घेऊन जा. मी कामावर. आई गेली. गुडघ्याचा पट्टा आणायला त्याच गुडघ्यांवर स्टेशनपर्यंत चालत गेली आणि परत आली. मी पार्सलवाल्याला शिव्या घातल्या. आणि आईला म्हटलं, पुढच्या वेळी डोंबिवलीच्या मावशीच्या बिल्डिंगचा पत्ता टाकू. आमच्याकडे सगळे तेच करतात. कुणी मावशीचा देतो, कुणी मोबाइलच्या दुकानाचा. चाळ लपवायची आम्हाला सवयच आहे.

आई पट्टा बांधता बांधता म्हणाली, “मी इथे राहते. मावशीकडे नाही.”

मला तेव्हा तो हट्ट वाटला.

मंगळवारी पडद्यावर पुढचं चित्र आलं. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतचा नकाशा. त्यावर लाल डाग. साहेब अभिमानाने सांगत होते, आता मशीन स्वतः ओळखते कुठे गाडी पाठवायची नाही. डिझेल वाचलं, फेऱ्या वाचल्या. लाल म्हणजे सेवा बंद.

अवघड नाही. बंद.

आज्याला गावकुसाबाहेर ठेवायला माणसं लागली, काठ्या लागल्या. आम्हाला ठेवायला एक रंग पुरला. आणि तो ह्या बोटाने दिला. माझ्या.

आणि ह्यांच्या गोदामाचा पत्ता काय आहे, माहितीये? ट्रकवाल्यांना रोज फोनवर सांगतात, “ढाब्याच्या मागे, वजनकाट्याच्या पुढे, दुसरं गेट.” चाळीस फुटी कंटेनर खड्ड्यांतून डुलत डुलत त्या खुणांवर बरोबर पोचतो. तिथे आत्मकथा आठवत नाही कुणाला.

पाहुणे लिफ्टने गेले. मी साहेबांना गाठलं. म्हटलं, “तो माझ्या आईचा पत्ता आहे.”

जरा गडबडले. मग हसले. “अगं, पर्सनली नको घेऊस. उदाहरण होतं. तुला तर माहितीच असेल, तिथे गाडी जात नाही.”

“गाडी जात नाही, सर. माणूस जातो. मी रोज जाते.”

त्यांनी मोबाइल काढला. माझ्याशी बोलणं संपलं की ते मोबाइल काढतात.

बुधवारी टिटवाळ्याचे पत्ते आले. नव्या बिल्डिंगा आणि त्यांच्या मधे दाबलेल्या चाळी, पाडे. मी लाल दाबला नाही. शेऱ्याच्या चौकटीत प्रत्येकाची वाट लिहायला लागले. कमानीतून आत, डावीकडे पाण्याची टाकी, तिच्या पुढे निळा दरवाजा. कळलं नाही तिथे ग्राहकाला फोन लावून विचारलं. एक आजी म्हणाली, पोरी, आजवर कुणी विचारलंच नाही गं. शेजारची मुलगी बघत होती. तिनेही लाल सोडला. दुपारच्या जेवणाआधी दोघींचं लॉगिन बंद. जिन्यातला फोटो संध्याकाळपर्यंत काढलेला.

आईचा पत्ता अजून लाल आहे. मी नोकरी मागायला परत जाणार नाही. ह्या बोटाने पुन्हा कुणाची गल्ली बंद करणार नाही. मी आता दिव्यात दारोदार फिरतेय, वही घेऊन, नाकारलेला एकेक पत्ता उतरवत. ती वही त्याच सातव्या मजल्यावर नेणार आहे, आणि एकटी नाही.

तुमच्याकडून एवढंच हवंय. आज मोबाइल उघडा. मावशीचा पत्ता खोडा, दुकानाचा खोडा. विहाराच्या मागे राहत असाल तर विहाराच्या मागे लिहा. गिरणीला वळसा असेल तर वळसा लिहा. नकार आला तर तो छापून चाळीच्या फळ्यावर लावा आणि माझ्या वहीत नोंदवा. टॉवरमध्ये राहत असाल तर शेजारच्या चाळीचं पार्सल तुमच्या वॉचमनकडे ठेवून घेऊ नका. तिच्या दारात पाठवा, पत्ता विचारत.

कुठे राहता? लपवू नका. लिहा.