ठकुबाईंनी बंद केलेली वाट

ठकुबाईंनी दिवसभर माझ्यावर विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर मीही त्यांच्यावर ठेवला नाही.

भाद्रपद सरत आला होता. गुंजवण्याहून डोंगरातून वेल्ह्याकडे उतरणारी नवी वाट मला शोधायची होती; दिवाळीआधी आमच्या ट्रेकिंग ग्रुपचे चाळीस जण तिथून जाणार होते. चहावाल्यानं वरच्या धनगरवाड्यातल्या ठकुबाईंचं नाव सांगितलं. "फक्त पाण्याचं विचारू नका," तो म्हणाला. "ट्रेकच्या पोरांना त्यांनी एक झरा दाखवला, तो साबणानं नि बाटल्यांनी नासला. म्हशींना आता एकच उरलाय." मी ऐकलं आणि सोडून दिलं.

साठीच्या ठकुबाई. पायात प्लास्टिकचे बूट, कमरेला कोयती. सात म्हशींमागे याच डोंगरात जन्म गेलेला. नवरा वारल्यावर पानशेतला हॉटेलात कामाला असलेल्या लेकानं त्यांना तिकडे नेलं होतं, तर चौथ्या दिवशी या पायी परत. म्हशींचं कोण करणार, हे कारण.

वाट दाखवायला निघताना माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघत त्यांनी विचारलं, "त्यात काय उमटतंय?"

"आपण चाललो ती वाट, मावशी. मागून चाळीस जण येतील, त्यांच्यासाठी."

"जमिनीची मोजनी तर न्हाई?"

"नाही हो."

"समदे न्हाईच म्हनत्यात," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

सोनकीनं पिवळ्या झालेल्या पठारावर दोन वाटा फुटल्या. एक रुंद, ताजं शेण पडलेली, पण तिच्यावर कारवीची फांदी आडवी टाकलेली. डोंगरात ही मागून येणाऱ्याला खूण असते, की इकडे येऊ नका, चुकाल. ठकुबाई दुसऱ्या, गवतात बुडालेल्या वाटेला लागल्या. फांदीची पानं मात्र टवटवीत होती, आणि चुकीच्या वाटेनं म्हशी रोज कशाला जातील? पुढे अशाच आणखी दोन फांद्या दिसल्या. सकाळी डावीकडे असलेलं वठलेलं झाड दुपारी उजवीकडे आलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. ही बाई मला उगीच गोल फिरवतेय, नाहीतर हिला वाटच ठाऊक नाही.

दोन वाजता माझं पाणी संपलं. ऊन भाद्रपदाचं, घसा कोरडा, आणि रागानं मी त्यांच्याकडे पाणीही मागेना. ठकुबाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "हितंच बसा. उठायचं न्हाई," असं बजावून त्या माझी रिकामी बाटली घेऊन कारवीत शिरल्या. पंधरा मिनिटांनी आल्या तेव्हा बाटली बर्फासारखी गार होती.

"कुठलं पाणी?"

"घरनं आनलं हुतं."

घर तीन तास मागे होतं. चहावाल्याचं बोलणं मला तेव्हा आठवलं, आणि माझ्या रागाची मलाच लाज वाटली.

संध्याकाळी वेल्हे खाली दिसायला लागलं. मी मोबाईल उघडला. आमची रेघ एका खोलगट जागेला मोठा वळसा घालून आली होती. भोवती वाट, मधे मोकळं. ठकुबाई वाकून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण डोंगर ओळखता येतो. त्यांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्या एवढं टाळलं, तरी हितं उमटलंच की! चाळीस मान्सं बघनार हे?"

मी त्यांच्यासमोर रेघ पुसून टाकली. नकाशा कोरा झाला.

"पुसलं म्हंजे गेलं?"

"गेलं, मावशी. या वाटेनं कोणाला आणणार नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. खाली जपून उतरा, दगड सुटे आहेत, असंही म्हणाल्या.

पहिल्या वळणावर मी मागे पाहिलं. ठकुबाईंनी कोयतीनं कारवीची फांदी तोडली होती, आणि मी नुकताच उतरलो त्या वाटेवर ती आडवी टाकत होत्या.