आतड्याची सूज आणि न बोललेला नवस

महादेवाशी मी दोन महिने अबोला धरला होता. पवनीला धानाचा धंदा मी एकट्याने उभा केला, मापात कुणाला मारलं नाही; तरी पोटात सुरी फिरावी तशी कळ मलाच का, हा माझा राग होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लहान आतड्याला सूज आहे. सहा महिने गोळ्या, त्याही हळूहळू कमी करत न्यायच्या. मी तिथेही घासाघीस केली. "तीन महिन्यांत जमवा ना, साहेब!" ते हसले, पण ऐकलं नाही. पुढे दुखणं थांबलं, तसा मीच सौदा मोडला. गोळ्या एकदम बंद केल्या.

कापणीनंतर लाखांदूरकडच्या एका खळ्यावर धान पाहायला गेलो. ओलावा कळावा म्हणून आम्ही धान तळहातावर चोळतो आणि दाणा दाताखाली फोडतो. कच्चे दाणे मला मना होते, तरी दराच्या घासाघिशीत मी ते चावून गिळत राहिलो. मालकीण साठीची, अडून बसलेली.

"ओलं हाय धान, बाई!" मी आवाज चढवला.

"धान कडकच हाय. तुह्या दातालेच कीड लागली असंन!"

मजूर बायका हसल्या. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मी तिथेच पोट धरून कोसळलो.

तिने माझा सुजलेला चेहरा निरखला. "बाबू, गोळ्या सोडल्या का तू?"

मी थक्क झालो. आजाराचं मी कुणाला बोललो नव्हतो.

"माह्या मालकाचं तोंड त्या गोळ्यांनं असंच सुजलं होतं. मधातच सोडल्या त्यानं. आतडं फुटलं. चाल, ऊठ!"

धान उघड्यावर टाकून ती माझ्यासोबत भंडाऱ्याला जाणाऱ्या टेम्पोत बसली. वाटेत पवनीच्या महादेवाच्या देवळाचं शिखर दिसलं. सवयीने नवस बोलायला गेलो. अभिषेक, चांदीचा नाग, काहीतरी. शब्दच फुटेना. "तू बघ," एवढंच म्हणालो आणि डोळे मिटले. कळ थांबली नाही, पण भीती गेली.

डॉक्टर म्हणाले, आतडं फुटायच्या बेतात होतं, वेळेवर आणलं. शिरेतून औषधं दिली, ऑपरेशन टळलं. पेशंटसोबत कोण, असं नर्सने विचारलं तेव्हा ती बाई म्हणाली, "मावशी लिवा."

आता गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घेतो. तिला कुणी पाठवलं, हे मी देवाला विचारलं नाही. जन्मभर भाव केल्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्या दिवशी न मागता जे मिळालं, ते दोन्ही हातांनी घेतलं.